काखेची सोनोग्राफी: सीमाभागात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी

स्तनाच्या कॅन्सरची पेशंट आली की चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकच ओळ असते, "काख पण बघून घ्या." नवा डॉक्टर प्रोब ठेवतो, काळपट अंडाकृती काहीतरी सापडतं, मोजमापाचे दोन कॅलिपर टाकतो आणि लिहून मोकळा होतो: काखेत अनेक वाढलेले नोड (लसिकाग्रंथी), सर्वांत मोठा २२ बाय ९ मिमी. मीही पहिली दोन वर्षं असंच लिहीत होते. मग एका सर्जननं तसला एक कागद माझ्यापुढं ठेवला आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, ह्याचं मी करू काय?" आम्ही मिळून फोटो पुन्हा काढले. तो २२ मिमीचा नोड चरबीनं भरलेला, पातळ सालीचा, अगदी निरोगी होता. त्याच्या शेजारी ८ मिमीचा गोल काळा ठिपका होता. त्याबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

ही चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे लिहितेय. लांबी मोजणं सोपं म्हणून आपण लांबी मोजतो, पण काखेत खरी खबर नोडच्या सालीत असते.

आपल्याकडच्या पेशंटबद्दल आधी थोडं. बेळगावात बसलात तरी समोर येणारी बाई खानापूर, चिकोडी, अथणी, रायबाग, निपाणीची असेल, नाहीतर पलीकडच्या चंदगड, आजऱ्याची. सोनोग्राफी एका ठिकाणी, बायोप्सी दुसरीकडं, ऑपरेशन बेळगावात, मिरजेत, कोल्हापुरात नाहीतर हुबळीत. कुणी थेट मुंबईला परळला जातं. कुठलं कार्ड कुठं चालतं, नातेवाईक कुठं राहतात, यावर रस्ता ठरतो. म्हणजे तुमचा कागद प्लास्टिकच्या पिशवीतून दोन राज्यांत फिरणार, आणि तो वाचणाऱ्या माणसाला तुम्ही कधी भेटणार नाही. त्याला तोच नोड पुन्हा सापडला पाहिजे, एवढं डोक्यात ठेवून प्रत्येक पायरी करा.

प्रोबच्या आधी

खुर्ची ओढून बसा आणि दोन मिनिटं विचारपूस करा. गाठ कुठल्या बाजूला, कधीपासून, स्तनातून सुई किंवा तुकडा आधीच काढलाय का, केमो सुरू झालीय का. स्तनातून नुकताच तुकडा काढला असेल तर काखेतला नोड नुसत्या त्या जखमेनंही फुगतो. मग हातांकडं बघा. ही पायरी पुस्तकातून आलेले डॉक्टर गाळतात. आपल्याकडं उसाच्या पट्ट्यातल्या बायकांच्या हाताला पाचटाचे काप, कोयत्याच्या जखमा, नखाशेजारी पू हे नेहमीचंच. तळव्यावरच्या जखमेनं काखेत गाठ येते, तिला गावाकडं अवधान आलं म्हणतात, आणि काखेत फोड आला तर काखमांजरी. पेशंट स्वतःच सांगेल, "हे अवधान आहे डॉक्टर, दोन महिन्यांपूर्वी काटा लागला होता." तिचं ऐका, लिहून घ्या, पण त्यावर विसंबू नका. अवधान बहुतेक वेळा दुखतं. कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, आणि ती दुखत नाही म्हणूनच बाई उशिरा येते.

टीबी होऊन गेला का, घरात कुणाला आहे का, हेही विचारा. त्याच हाताला गेल्या काही आठवड्यांत लस घेतली का? २०२१ मध्ये कोविडच्या लसीनंतर काखेतले नोड फुगलेले दिसले, आणि स्तनाच्या सोनोग्राफी करणाऱ्यांना हा प्रश्न कायमचा शिकून घ्यावा लागला. संधिवात, अंगावर मोठं गोंदण, त्वचेचे जुनाट आजार यांनीही नोड वाढतात. अशा वेळी दोन्ही काखांत सारखेच बदल दिसले तर कॅन्सरचा संशय कमी होतो. म्हणून चांगली बाजूसुद्धा बघायची, पाच मिनिटं जास्त लागली तरी.

मॅमोग्राफीचे फोटो पिशवीत असतातच, मागून घ्या.

खोलीत बाई मदतनीस असावी. तुम्ही स्वतः बाई असलात तरी असावी. ब्लाऊज पूर्ण काढायला सांगा. अर्धा खांद्यावरून सरकवला तर कापड प्रोबच्या आड येतं आणि पेशंट हात आखडून घेते. पदर दुसऱ्या बाजूवर राहू द्या. लेप, हळद, पावडर लावलेली असेल तर ओल्या कापसानं पुसून घ्या. रागवायचं नाही. गाठीवर कुणीतरी कसलातरी पाला बांधला होता, हे ती नंतर हळूच सांगते. पावसाळ्यात खानापूरकडून भिजून आलेल्या पेशंटला गार जेल लावलंत तर तिचे स्नायू ताठ होतात आणि तुमचंच काम अवघड होतं. बाटली कोमट पाण्यात ठेवत जा.

चिकोडी, गोकाक, अथणीकडच्या बऱ्याच जणी कन्नडच बोलतात. दोनचार शब्द येत असू द्या: "कै मेले माडरी" म्हणजे हात वर करा, "नोवू ऐतेन्री?" म्हणजे दुखतंय का? गाठीला गंटु, काखेला कंकुळ. मी मराठी शाळेत शिकलेली, माझे उच्चार ऐकून बायका हसतात. हसल्या की खांदा सैल पडतो.

मशीन

लिनियर प्रोब, जितकी जास्त फ्रिक्वेन्सी असेल तितकी चांगली. १२ मेगाहर्ट्झच्या पुढचा असेल तर उत्तम. जाड बाईच्या काखेत तो आतपर्यंत पोचत नाही, तेव्हा फ्रिक्वेन्सी उतरवा, हट्ट करू नका. सुरुवातीला डेप्थ ३ ते ४ सेंमी ठेवा, नोड सापडला की कमी करा, म्हणजे तो पडद्यावर मोठा दिसेल. गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, इतका ठेवा की चरबी मधल्या राखाडी रंगाची दिसेल. गेन फार वाढवलं की काळी साल राखाडी होते आणि जे पाहायला आलो तेच पुसलं जातं. पोटाच्या सेटिंगवर काख पाहू नका. सकाळपासून गरोदर बायकांच्या सोनोग्राफीची रांग असलेल्या ठिकाणी ही चूक रोज होते.

कसं फिरायचं

पाठीवर झोपवा, हात डोक्याखाली. खांदा आखडलेला असेल तर कोपराखाली उशी द्या आणि जेवढा वर जाईल तेवढाच जाऊ द्या. थोडं विरुद्ध कुशीवर वळवून पाठीखाली चादरीची घडी ठेवली की काख छान उघडते.

आधी बोटांनी चाचपा. मग प्रोब काखेच्या पुढच्या घडीपाशी, छातीच्या मोठ्या स्नायूच्या बाहेरच्या कडेला आडवा ठेवा. इथून, काखेतल्या केसांच्या खालच्या कडेच्या आसपासपासून सुरुवात करायची, कारण स्तनातली लसिका पहिल्यांदा जिथं पोचते तो सेंटिनल नोड बहुधा याच भागात असतो. तिथून सावकाश वर, काखेच्या शिरेपर्यंत. ती शीर तुमची वरची सीमारेषा. परत खाली या, आता बरगड्यांना चिकटून. पुन्हा वर जा, या वेळी पाठीकडच्या स्नायूच्या कडेनं. शेतात नांगर फिरवताना एकही पट्टा सुटू देत नाहीत, तसं. हात हलका ठेवा. जोरात दाबलंत तर शिरा चपट्या होतात, डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाचं चित्र, मरतं, आणि बाईला दुखतं ते वेगळंच.

बरेच जण इथंच थांबतात. थांबू नका. छातीचा छोटा स्नायू ही काखेची मोजपट्टी आहे: त्याच्या बाहेरचे नोड लेव्हल १, त्याच्या मागचे लेव्हल २, त्याच्या आतल्या बाजूचे, हंसळीखालचे, लेव्हल ३. प्रोब छातीच्या मोठ्या स्नायूवर ठेवून त्याखालचा छोटा स्नायू ओळखा. सुरुवातीला आठदहा निरोगी माणसांवर फक्त हाच स्नायू शोधायचा सराव करा, बाकी काही नको. तो सापडला की त्याच्या मागे बघा, दोन स्नायूंच्या मधल्या फटीत बघा, मग आत सरका. लेव्हल ३ साठी हात थोडा खाली घ्यायला सांगितला तर सोपं जातं.

त्यानंतर मान दुसरीकडं वळवून हंसळीच्या वरचा खड्डा बघायचा. मग छातीच्या मधल्या हाडाच्या कडेनं वरच्या तीन बरगड्यांच्या फटी. तिथं आतल्या स्तनवाहिन्या दोन बारीक नळ्यांसारख्या दिसतात आणि त्यांच्या शेजारी नोड असला तर दिसतो. स्तनातली गाठ आतल्या बाजूची असेल किंवा काखेत आधीच संशयास्पद काही सापडलं असेल, तर ही फेरी चुकवायची नाही. हंसळीखालचा किंवा वरचा एक बाधित नोड पेशंटला थेट एन ३ मध्ये, म्हणजे नोडच्या बाधेच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात, नेतो आणि उपचारांचा सगळा आराखडा बदलतो. तो सर्जनच्या बोटाला बहुधा लागत नाही, तुमच्या प्रोबखाली येतो.

साल, साल आणि साल

निरोगी नोड घेवड्याच्या बीसारखा: बाहेरून पातळ काळपट साल, म्हणजे कॉर्टेक्स, आत पांढरट चरबीचा हायलम. वय वाढत जातं तसा हायलम वाढतो, साल पातळ होते. म्हातारीच्या काखेत ३ सेंमी लांबीचा नोडसुद्धा नुसता चरबीचा गोळा असू शकतो. म्हणून लांबी फसवी.

सालीवरच लक्ष का, हे एकदा समजलं की पुन्हा पाठ करावं लागत नाही. स्तनाकडून येणाऱ्या लसिकावाहिन्या नोडच्या बाहेरच्या कवचातून आत शिरतात. कॅन्सरच्या पेशी पहिल्यांदा तिथंच, कवचाखाली, म्हणजे सालीत अडकतात. त्या वाढल्या की साल त्या जागी फुगते, मग पूर्ण जाड होते, आणि सगळ्यात शेवटी हायलम दाबला जाऊन दिसेनासा होतो. हायलम गेलेला नोड कुणीही ओळखेल. एकाच कडेला फुगवटा आलेला नोड ओळखता येणं, ही तुमची कमाई.

मोजायचं ते असं: साल जिथं सगळ्यात जाड, तिथं कॅलिपर कवचापासून हायलमच्या कडेपर्यंत काटकोनात. तिरका काप घेतलात तर निरोगी सालही जाड दिसते, म्हणून दोन्ही दिशांनी नोड बघून मगच मोजा. ३ मिमीपेक्षा जास्त असेल तर संशय धरायचा, असा बहुतेक ठिकाणी पाळला जाणारा दंडक. हा आकडा दगडावरची रेघ नाही. तो खाली आणला तर कॅन्सर कमी सुटतात आणि विनाकारण सुया जास्त टोचल्या जातात, वर नेला तर उलटं. ३.२ मिमीची सारखी, गुळगुळीत साल दोन्ही काखांत असेल तर मी घाबरत नाही. २.८ मिमीची साल असेल, पण एका जागी टेंगूळ असेल, तर मी सुईचा विचार करते.

सालीच्या रूपावरून नोडचे सहा प्रकार करतात. पहिल्यात साल जवळपास दिसतच नाही, दुसऱ्यात ती ३ मिमीच्या आत, तिसऱ्यात त्याहून जाड, चौथ्यात सगळीकडून लाटा लाटांची, पाचव्यात एकाच जागी काळा फुगवटा, सहाव्यात सगळा नोड काळा आणि हायलम नाही. पहिले दोन निश्चिंत, शेवटचे दोन सुई मागणारे. मधल्या दोनांत तुमचा अनुभव आणि पेशंटच्या हातावरची जखम, दोन्ही हिशेबात घ्यावे लागतात.

बाकीच्या खुणा पुरवणीच्या: लांबट असायचा तो गोल झालेला, कडा फाटलेल्या आणि आजूबाजूच्या चरबीत शिरलेल्या, दोनतीन नोड एकमेकांना चिकटलेले. डॉपलर लावताना कमी वेगाचा प्रवाह दिसेल अशी स्केल ठेवा. निरोगी नोडमध्ये रक्त हायलममधून फांद्यांसारखं आत जातं. सालीतून, बाहेरच्या कडेनं आत शिरणारी नळी दिसली तर संशय वाढतो. नुसत्या डॉपलरवर मात्र निकाल देऊ नका.

फसवणारी मंडळी

शिरेचा आडवा काप नोडसारखा गोल काळा दिसतो. हलकं दाबा, शीर चपटी होते, नोड होत नाही. स्नायूचा आडवा कापही फसवतो. प्रोब ९० अंश फिरवला की तो लांब पट्ट्यासारखा पसरतो, नोड अंडाकृतीच राहतो. काखेत स्तनाचा जास्तीचा ऊतक असणाऱ्या बायका बऱ्याच असतात. गरोदरपणात, दूध पाजताना तो सुजतो आणि घरच्यांना वाटतं, गाठ आली. काखमांजरीत दिसतं ते त्वचेलगतचं पाणी-पू, खोल नोड नव्हे.

टीबीबद्दल जरा थांबते, कारण आपल्याकडं हा गोंधळ खराखुरा आहे. टीबीचे नोड एकमेकांना चिकटतात, आत कुजून पातळ होतात, कधी कॅल्शियमचे कण धरतात. कॅन्सरचेही चिकटतात. पडद्यावर बघून छातीठोक सांगणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यातले काही चुकलेलेही पाहिलेत. शिवाय एकाच बाईला दोन्ही असू शकतात. सुईशिवाय निकाल देऊ नका.

सुई

स्तनात कॅन्सर ठरला आहे आणि काखेत संशयास्पद नोड आहे, तर नमुना घ्यायचा. सर्वांत वाईट दिसणारा आणि हाताशी येणारा नोड निवडा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल विचारा, संमती तिच्या भाषेत समजावून घ्या, लिग्नोकेन देऊन जागा बधिर करा. सुईचं टोक पूर्ण वेळ पडद्यावर दिसलं पाहिजे. ते दिसत नसेल तर पुढं जाऊ नका, कारण पलीकडं काखेची शीर आणि धमनी आहे. सुई सालीच्या फुगलेल्या भागात गेली पाहिजे. हायलममध्ये गेली तर चरबी आणि रक्त येतं, आणि पॅथॉलॉजिस्ट "नमुना अपुरा" लिहितो.

बारीक सुईनं, म्हणजे २२ ते २५ गेजनं पेशी काढणं स्वस्त आणि झटपट. तुकडा काढणं थोडं खर्चाचं, पण त्यात चुकण्याची शक्यता कमी. जवळ चांगला सायटॉलॉजिस्ट (पेशी तपासणारा डॉक्टर) असेल तर बारीक सुईनं भागतं. स्लाईड बसनं तालुक्यातून जिल्ह्याला जाणार असेल तर मी तुकडाच काढते. आणि हे लक्षात घ्या: नोड बघून तुमचा संशय पक्का आहे आणि बारीक सुईचा रिपोर्ट "काही नाही" आला, तर तो रिपोर्ट मानू नका. पुन्हा घ्या.

इथं एक गाऱ्हाणं. खेड्यापाड्यांतून येणारे तुकडे कितीदा सलाइनच्या बाटलीत, कधी नुसत्या स्पिरिटमध्ये पोचतात. संप्रेरक आणि हर-टू या प्रथिनाच्या तपासणीसाठी तुकडा १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्येच हवा, काढल्यापासून तासाभरात बुडलेला, आणि त्यात ६ तासांपेक्षा कमी नाही, ७२ तासांपेक्षा जास्त नाही. डबीवर नाव, बाजू, काढल्याची वेळ. नातेवाइकांच्या हाती देताना सांगा, उद्या रविवार म्हणून सोमवारी न्यायचं असं करू नका. टीबीचाही संशय असेल तर एक वेगळा तुकडा सलाइनमध्ये, सीबीनॅट या टीबीच्या तपासणीसाठी, कारण त्या तपासणीला फॉर्मलिन चालत नाही. दोन डब्या, दोन वेगळ्या चिठ्ठ्या. या दोन डब्यांची अदलाबदल झालेली मी एकदा पाहिली आहे, आणि पंधरा दिवस वाया गेले.

केमो आधी आणि ऑपरेशन नंतर असा बेत असेल, तर बाधित नोडमध्ये खुणेचं बारीक क्लिप टाकण्याबद्दल सर्जनशी आधीच बोला. केमोनं नोड कधीकधी इतका निरोगी होतो की तो सापडतच नाही, आणि मग नेमका तोच नोड काढायचा कसा? क्लिपचे पैसे कोण देणार, हा प्रश्न आपल्याकडं खरा आहे. नसेल परवडत तर निदान जागा इतकी नेमकी लिहा की पुन्हा शोधता येईल: केसांच्या खालच्या कडेपासून किती सेंमी, त्वचेपासून किती खोल.

काही दिसलं नाही तर

तर "काखेत कॅन्सर नाही" असं लिहू नका. "संशयास्पद नोड दिसला नाही" असं लिहा. २ मिमीच्या आतली बारीक बाधा सोनोग्राफीत बहुधा दिसत नाही, मशीन कितीही महाग असो. म्हणून निर्दोष सोनोग्राफीनंतरही सर्जन सेंटिनल नोड काढून तपासतो.

अलीकडं या बाबतीत एक मोठी गोष्ट घडली आहे, ती तुम्हाला ठाऊक असायला हवी. इटली, स्वित्झर्लंड, स्पेन आणि चिलीमधल्या साउंड चाचणीत २ सेंमीपर्यंतची गाठ आणि निर्दोष काख असलेल्या स्त्रियांपैकी एका गटाची सेंटिनल तपासणी केली, दुसऱ्याची केलीच नाही. २०२३ मध्ये निकाल आला: ५ वर्षांनंतर दूरवर न पसरता राहिलेल्यांचं प्रमाण ९७.७ आणि ९८ टक्के. म्हणजे फरक नाही. २०२४ मध्ये जर्मनी-ऑस्ट्रियातल्या इन्सेमा चाचणीनंही तीच दिशा दाखवली. आता निवडक पेशंटच्या बाबतीत काखेला हात लावायचा की नाही, हे तुमच्या सोनोग्राफीवर ठरू लागलं आहे. पण त्या बायकांच्या गाठी लहान होत्या, स्तन वाचवून ऑपरेशन झालं होतं आणि पुढचे उपचार ठरलेले होते. आपल्याकडं येणाऱ्या बऱ्याच गाठी लिंबाएवढ्या असतात आणि रेडिएशनला महिनाभर परगावी राहणं बाईला परवडत नाही. हा निकाल इथं जसाच्या तसा चिकटवू नका.

काख विनाकारण पूर्ण साफ झाली तर काय होतं, हेही जवळून बघा. हात सुजतो, जड होतो, काहींचा कायमचा. निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबणारी, भाकरी थापणारी, भांगलायला जाणारी बाई असेल तर तिचं पोटच त्या हातावर. आणि बाधित नोड सुटला तर त्याची किंमत ती जिवानं मोजते. म्हणून काखेला घाईनं उरकायचं नाही.

संशयास्पद नोड किती आहेत, हेही मोजून लिहा. एकदोन असणं आणि चारपाच असणं यात सर्जनच्या निर्णयाचा फरक पडतो. "अनेक" हा शब्द रिपोर्टातून काढूनच टाका.

कागदावर काय

मी साधारण असं लिहिते: डावी काख, लेव्हल १ मध्ये ४ नोड दिसले, त्यातले २ संशयास्पद. पहिला, स्तनाजवळच्या बाजूचा, १४ बाय ९ मिमी, साल सर्वांत जाड जागी ५ मिमी, एका कडेला फुगवटा, हायलम एका बाजूला ढकललेला, सालीत बाहेरून रक्तप्रवाह. दुसरा गोल, ८ मिमी, हायलम नाही. लेव्हल २ आणि ३, हंसळीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या कडेला संशयास्पद काही नाही. उजवी काख निरोगी. पहिल्या नोडमधून तुकडा घेतला. शेवटची दोनतीन वाक्यं कंटाळवाणी वाटतात, पण पुढच्या डॉक्टरला त्यावरून कळतं की तुम्ही तिथं पाहिलंय. काहीच लिहिलं नाही तर तो समजतो, पाहिलंच नाही, आणि बऱ्याचदा त्याचं बरोबर असतं.

रिपोर्ट इंग्रजीत जातो, ते ठीक. फोटोवर बाजू आणि लेव्हल टाईप केल्याशिवाय फोटो साठवू नका.

बाहेरच्या बाकावर मुलगा किंवा दीर उभा असतो. तो तुम्हाला बाजूला घेऊन म्हणेल, "मॅडम, आईला काही सांगू नका." मी त्याला नाही म्हणत नाही आणि होही म्हणत नाही. आत जाऊन त्या बाईलाच विचारते, "मावशी, काय तपासायला पाठवलंय, तुम्हाला कुणी सांगितलंय का?" दहातल्या सातआठ जणींना माहीत असतं. त्या घरच्यांना सांभाळून घेत असतात. "अक्का, काखेत एक गाठ दिसतेय, सुईनं पाणी काढून तपासतो, मग डॉक्टर सांगतील" एवढं साधं बोललं तरी ती धीर धरते. नोड, मेटास्टॅसिस, स्टेज हे शब्द तिच्यापुढं आपापसात बोलू नका. शब्द कळला नाही तरी तुमचा चेहरा तिला कळतो.

पुन्हा येते तेव्हा

केमोच्या तीनचार फेऱ्यांनंतर तीच बाई पुन्हा येईल, केस गेलेली, डोक्यावर पदर घट्ट ओढलेला. आधी जुने फोटो उघडा, मग प्रोब उचला. त्याच बाजूनं, त्याच डेप्थवर, तोच नोड शोधा आणि तीच साल तशीच मोजा. क्लिप एका चमकत्या बारीक रेघेसारखी दिसते, कधी केमोनंतरच्या चरबीत हरवते, तेव्हा सर्जनला ऑपरेशनच्या आधीच सांगा. साल ५ वरून २ मिमीवर आली तर तसं लिहा, पण नोड बरा झाला असं लिहू नका, ते पॅथॉलॉजिस्टचं काम. झोपून हात वर धरून तिला वीस मिनिटं झालेली असतील. टॉवेल द्या आणि हात सावकाश खाली घ्यायला सांगा, एकदम घेतला तर मुंग्या येतात.